उसनी ऊर्जा, सागराचे ऋण

जगण्यासाठी लागणारी शक्ती कोठून घ्यावी, किती घ्यावी आणि ज्याच्याकडून ती घेतली त्याच्याशी नंतर कोणते नाते ठेवावे, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने अन्नाच्या संदर्भात विलक्षण बारकाईने हाताळला आहे. विजेच्या संदर्भात मात्र तो अभियंत्यांचा किंवा अर्थतज्ज्ञांचा प्रश्न मानून सहसा बाजूला ठेवला जातो. ही विभागणी तत्त्वतः टिकणारी नाही, कारण अन्न असो वा वीज, दोन्ही ठिकाणी एका अस्तित्वाचे सामर्थ्य दुसऱ्याच्या उपयोगाला येते आणि त्या देवघेवीचे नैतिक उत्तरदायित्व घेणाऱ्यावर राहतेच. या उत्तरदायित्वाचा विचार करण्यासाठी 'सबनॉटिका' हा संगणकीय खेळ अनपेक्षितपणे उपयुक्त ठरतो, कारण त्यात श्वास, पाणी, अन्न आणि वीज या चारही गोष्टी एकाच समुद्रातून, एकाच माणसाच्या हाताने मिळवाव्या लागतात आणि चारही गोष्टी आकड्यांत मोजल्या जातात.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील अनोन वर्ल्ड्स एंटरटेनमेंट या संस्थेने हा खेळ डिसेंबर २०१४ पासून अपूर्ण अवस्थेत आणि २३ जानेवारी २०१८ रोजी पूर्ण स्वरूपात खेळाडूंपुढे ठेवला. ४५४६बी या जवळजवळ संपूर्णपणे पाण्याने व्यापलेल्या परग्रहावर 'अरोरा' नावाचे अवकाशयान कोसळते, त्यातून सुटलेला एकटा माणूस एका लहानशा जीवरक्षक कुपीत शुद्धीवर येतो, आणि तेथून पुढे त्याने त्या समुद्रातच तगून राहायचे, अशी त्याची मांडणी आहे. सुरुवातीला त्याच्याजवळ जवळपास काहीही नसते. विजेरी, दुरुस्तीचे अवजार, घर बांधण्याचे यंत्र, पोहण्याचा वेग वाढवणारे साधन असे जे काही तो पुढे मिळवतो ते बहुतेक सारे बॅटरीवर चालते, आणि समुद्राच्या तळाशी त्याने उभारलेल्या निवाऱ्यातील प्राणवायूदेखील वीज संपली की मिळेनासा होतो. श्वास आणि वीज यांची अशी थेट सांगड घातली गेल्यामुळे ऊर्जा ही सोयीची बाब न राहता प्राणाची बाब होते, आणि प्राणाची बाब झाली की तिला धर्माचे प्रश्न विचारणे अप्रस्तुत राहत नाही.

खेळातील पहिली बॅटरी दोन अ‍ॅसिड मशरूम आणि तांब्याच्या खनिजाचा एक तुकडा यांपासून तयार होते. अ‍ॅसिड मशरूम ही उथळ पाण्यात पुंजक्यांनी उगवणारी जांभळट आळंबीसदृश वनस्पती. ती खुडायची, तांबे खडकातून काढायचे, आणि दोहोंच्या संयोगातून शंभर एकक वीज साठवणारी वस्तू घडवायची. ही कृती काल्पनिक असली तरी तिच्यामागे एक खरा इतिहास आहे. लुइजी गॅल्व्हानी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने बेडकाच्या कापलेल्या पायाला धातूंचा स्पर्श होताच तो आखडतो हे पाहून १७९१ मध्ये 'प्राणिज विजे'चा सिद्धांत प्रसिद्ध केला. अलेस्सांद्रो व्होल्टाने तो नाकारला, आणि १८०० मध्ये तांबे किंवा चांदी, जस्त व खारट पाण्यात भिजवलेले पुठ्ठे यांची चळत रचून अखंड वाहणारी वीज निर्माण केली. विशेष म्हणजे जिवंत शरीराची गरज संपवणाऱ्या या यंत्राची ओळख करून देताना व्होल्टाने त्याची तुलना टॉर्पेडो नावाच्या विजेरी माशाच्या अवयवाशी केली आणि त्याला कृत्रिम विद्युत् अवयव म्हटले. पाण्यात राहणारा बेडूक आणि समुद्रात राहणारा मासा असे दोन जीव बॅटरीच्या जन्मवेळी उपस्थित होते, ही गोष्ट ऊर्जेच्या इतिहासात जेवढी ठळकपणे सांगायला हवी तेवढी सांगितली जात नाही.

व्होल्टाची चळत एकदा संपली की संपली. १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने शिसे आणि आम्ल यांची अशी बॅटरी बनवली की तिच्यात उलट दिशेने प्रवाह सोडला असता आतील रासायनिक प्रक्रिया मागे फिरते आणि पत्रे जवळजवळ मूळ स्थितीत येतात. पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीची ही सुरुवात होय. पुढे १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सबंध प्रवासाला एक आकर्षक आशा चिकटलेली आहे: वस्तू न संपता पुन्हा भरत राहील आणि उपभोगामुळे काहीच नष्ट होणार नाही. ही आशा तपासून घेणे आवश्यक आहे, कारण पुन्हा भरणे म्हणजे निर्दोष होणे, अशी समजूत तिच्या आडोशाला सहज वाढते.

खेळात चार्जर हाती येण्यापूर्वीची आणि नंतरची अवस्था पाहिली असता ही समजूत कशी घडते ते स्पष्ट होते. चार्जर नसतो तेव्हा विजेरी विझली की खेळाडूला पुन्हा तळाशी उतरावे लागते, आळंबीच्या पुंजक्यापाशी जावे लागते आणि स्वतःच्या हाताने ती खुडावी लागते. प्रत्येक शंभर एककांमागे समुद्रातून काय उणे झाले ते त्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि घराजवळचा भाग ओसाड होऊ लागला तर तेही त्याला दिसते. चार्जर मिळाल्यावर भिंतीवरच्या चार खोबणींत चार बॅटऱ्या बसतात, प्रत्येकीवरची टक्केवारी हळूहळू शंभराकडे सरकते, आणि खेळाडू दुसऱ्या कामाला लागतो. घेणे थांबलेले नसते. ते केवळ हातापासून दूर, भिंतीपलीकडच्या कोणत्यातरी स्रोतापाशी गेलेले असते. बॅटरी स्वतः शक्ती निर्माण करत नाही, ती दुसरीकडून उसनी आणलेली शक्ती काही काळ सांभाळते, आणि वास्तवातल्या बॅटरीत तर भरताना व वापरताना तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वायाही जातो. म्हणून पुन्हा भरता येण्याच्या गुणामुळे नैतिक प्रश्न सुटत नाही, तो एक पायरी मागे सरकतो, आणि मागे सरकलेला प्रश्न विसरला जाण्याचा संभव अधिक असतो.

जैन तत्त्वज्ञानात या विसरण्याला नेमके स्थान आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानीचा उल्लेख नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे किंवा बेफिकिरीने घडलेली प्राणहानी ती हिंसा, अशी तिची रचना आहे. पाहून, जपून, गरजेपुरते घेणारा आणि न पाहता घेणारा यांच्या हातून एकाच जिवाचा नाश झाला तरी दोघांच्या कर्मबंधात फरक पडतो, तो या प्रमादामुळे. चार्जरने जर काही वाढवले असेल तर ते प्रमादाचे क्षेत्र होय. मनुस्मृतीतील पंचसूनांची कल्पनाही याच दिशेने जाते: गृहस्थाच्या घरात चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी रोज नकळत जीवहत्या होते, म्हणून ही पाच वधस्थाने मानावीत आणि त्यांच्या परिमार्जनासाठी गृहस्थाने पाच महायज्ञ नित्य करावेत, असे तेथे सांगितले आहे. या कल्पनेचे मोठेपण असे की ती घर सोडायला सांगत नाही आणि घर निष्पाप असल्याचे समाधानही देत नाही. सर्वांत शांत, सर्वांत घरगुती वस्तूंकडे बोट दाखवून ती हिंसेचा पत्ता सांगते. आजच्या घरात त्या पाचांच्या जोडीला भिंतीवरचे विजेचे बटण सहावे म्हणून मोजायला हरकत नसावी.

भिंतीपलीकडचे स्रोत खेळात चार आहेत, आणि त्यांचे नैतिक वजन सारखे नाही. सौरपॅनेल सर्वांत सौम्य. ते सूर्यप्रकाशावर चालते, रात्री थांबते, आणि खोली वाढत जाईल तसतसे दुबळे होत जाते, कारण पाणी प्रकाश शोषून घेते. खऱ्या समुद्रातही सुमारे २०० मीटरखाली वनस्पतींना अन्न तयार करण्यापुरता प्रकाश उरत नाही. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराला मिळालेले अक्षयपात्र सूर्यानेच दिलेले आहे, हे येथे आठवते. त्या पात्रातील अन्न रोज पुन्हा भरत असे, परंतु द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच ते पुरे, त्यानंतर त्या दिवशी ते रिकामे राही. 'अक्षय' म्हणून नावाजलेल्या त्या दानालाही अशी रोजची मर्यादा होती आणि ती मर्यादा सर्वांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्या गृहिणीच्या घासाशी बांधलेली होती, हा त्या कथेचा अत्यंत अर्थपूर्ण भाग आहे. सौरपॅनेलवर जगणाऱ्या खेळाडूलाही दिवसाच्या मापाने जगावे लागते. त्याचे घर उथळ पाण्यात राहते, त्याच्या इच्छा फार खोल जाऊ शकत नाहीत.

खोल जायचे तर दुसरे स्रोत लागतात. त्यांपैकी औष्णिक संच समुद्रतळाच्या उष्ण विवरांजवळ बसवून तेथील उष्णतेपासून वीज घेतो. वरवर पाहता त्यात कोणाचेच काही जात नाही. परंतु १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ 'अल्विन' या पाणबुडीतून उतरलेल्या शास्त्रज्ञांना अशा विवरांभोवती सूर्यप्रकाशाविना, पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या रासायनिक द्रव्यांवर जगणारी सबंध जीवसृष्टी आढळली, तेव्हापासून निर्जन मानलेली उष्णतादेखील कोणाचे तरी घर असू शकते, याचे भान ठेवणे भाग आहे.

खरा पेच बायोरिअ‍ॅक्टरपाशी उभा राहतो. बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे जैव पदार्थ जाळून किंवा कुजवून वीज काढणारे पिंप. पाणघराच्या मोठ्या खोलीत ते मधोमध उभे असते, झाकण उघडले की चार गुणिले चार चौकटींची जाळी दिसते, आणि त्या जाळीत फळे, वनस्पती, बिया यांच्याप्रमाणेच जिवंत मासेही ठेवता येतात. काही मासे वनस्पतींहून अधिक ऊर्जा देतात, म्हणून अनेक खेळाडू शेजारच्या खोलीत मोठे मत्स्यपात्र उभारतात, त्यात एकाच जातीचे दोन मासे सोडतात, त्यांची वीण होऊ देतात, आणि मधूनमधून ती वीण उचलून पिंपात भरतात. पिंप मंद गुणगुणत राहते, दिवे जळत राहतात. आत काय घडले याचा कोणताही आवाज, कोणताही रंग बाहेर येत नाही.

या खेळाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हुक शाळेत झालेल्या गोळीबारानंतर आपल्या खेळात बंदूक ठेवायची नाही असा निर्णय घेतला होता, आणि संघर्ष सोडवण्याचे अहिंसक मार्गही असू शकतात याची आठवण म्हणून त्यांनी हा खेळ मांडला. हा निर्णय मनापासून आदर करावा असाच आहे. खेळाडूला महाकाय हिंस्र जलचरांसमोर जवळजवळ निःशस्त्र उभे केल्यामुळे भय आणि नम्रता यांचे जे मिश्रण अनुभवाला येते, ते बंदुकीने कधीच दिले नसते. तरीही त्याच खेळात बायोरिअ‍ॅक्टर आहे, आणि त्याच्याबद्दल कोणाला फारसे वावगे वाटत नाही. हातातली हिंसा काढून घेतली गेली आणि भिंतीतली तशीच राहिली, असा याचा अर्थ होतो. हा दोष एका खेळाच्या रचनाकाराचा नव्हे. शस्त्राची हिंसा ओळखणे आणि चुलीची हिंसा न ओळखणे हा मानवी नीतिबुद्धीचा जुना स्वभाव आहे, आणि पंचसूनांची कल्पना मांडणाऱ्याला तो पुरेपूर ठाऊक असावा.

या ठिकाणी आक्षेप येईल की हे मासे खरे नाहीत, पडद्यावरील चित्रे आहेत, तेव्हा त्यांच्या बाबतीत हिंसा-अहिंसेची भाषा बोलणे अतिरेकी आहे. जैन साहित्याने हा आक्षेप फार पूर्वी विचारात घेतला होता. सोमदेवाच्या 'यशस्तिलक' या इ. स. ९५९ मधील ग्रंथात आणि पुष्पदंताच्या अपभ्रंश काव्यात आलेल्या यशोधर राजाच्या कथेत राजा खरा पशू बळी देण्यास नकार देतो, परंतु आईच्या आग्रहास्तव पिठाचा कोंबडा करून तो बळी देतो; आणि त्या कृत्यामुळे मायलेकांना कित्येक जन्म पशुयोनीत भटकावे लागते. कोंबडा पिठाचा असला तरी मारण्याचा संकल्प खरा होता, हे त्या कथेचे म्हणणे. जैन परिभाषेत प्रत्यक्ष प्राणहानी ही द्रव्यहिंसा आणि मनातील हिंसेचा भाव ही भावहिंसा होय, आणि बंध मुख्यतः भावातून पडतो. खेळाडूची स्थिती यशोधराहून काहीशी वेगळी आहे, हेही न्यायाने म्हटले पाहिजे, कारण माशाला मारणे हा त्याचा हेतू नसतो, त्याला दिवा हवा असतो आणि मासा हे केवळ इंधन असते. पण हेतूच नसणे हे समाधानाचे कारण होऊ शकत नाही. समोरचा जीव क्रोधाच्यादेखील योग्यतेचा न राहता आकडा होऊन जाणे, ही प्रमादाची पूर्णावस्था म्हणावी लागेल, आणि तिचा सराव पडद्यावर झाला तरी तो मनाचाच सराव असतो.

स्रोतांतील तारतम्य समजण्यासाठी जैनांची लेश्याकल्पना फार उपयोगी आहे. लेश्या म्हणजे आत्म्यावर चढणारा भावाचा रंग. तो काळ्यापासून शुभ्रापर्यंत सहा प्रकारचा मानला आहे, आणि तो समजावण्यासाठी जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्या माणसांचा दृष्टान्त दिला जातो. पहिला झाड मुळापासून उपटू पाहतो, दुसरा खोड तोडू म्हणतो, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा केवळ फळे तोडू पाहतो, आणि सहावा जमिनीवर पडलेली जांभळे वेचून खाऊ म्हणतो. सहाही जणांची भूक सारखी आहे आणि फळही तेच आहे. भेद घेण्याच्या रीतीत आहे. बायोरिअ‍ॅक्टरच्या एकाच पिंपात हा सबंध दृष्टान्त सामावतो, कारण ते वाफ्यात वाढवलेल्या फळांवरही चालते, समुद्रातून उपटलेल्या वेलींवरही चालते आणि माशांवरही चालते. स्रोताचे नाव एकच राहते, मात्र त्याच्याकडे हात नेणाऱ्याच्या वृत्तीनुसार त्याचा रंग बदलतो. म्हणून अमुक स्रोत शुद्ध आणि अमुक अशुद्ध अशी सरसकट यादी करणाऱ्या चर्चा अपुऱ्या पडतात.

चौथा स्रोत अणुभट्टीचा. युरेनिनाइटचे स्फटिक, शिसे, टायटॅनियम आणि काच यांपासून बनवलेल्या चार कांड्या तिच्यात बसतात, आणि सौरपॅनेल जेथे ७५ एकके साठवते तेथे अणुभट्टी २५०० साठवते. परंतु कांडी संपल्यावर ती नाहीशी होत नाही. वापरलेली कांडी हातात राहते आणि तिच्या विल्हेवाटीसाठी स्वतंत्र पात्र बांधावे लागते. चारही स्रोतांपैकी केवळ याच एका ठिकाणी खेळ खेळाडूला उपभोगाचा शेष हातात घ्यायला लावतो, आणि म्हणून सर्वांत धोकादायक मानलेला हा स्रोत एका अर्थाने सर्वांत प्रामाणिक आहे, असे म्हणावेसे वाटते.

घेण्याइतकाच साठवण्याचा प्रश्नही धर्माचा आहे. अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे, हे व्रत जैनांच्या महाव्रतांत आणि पातंजल योगातील यमांत समान आहे, आणि बॅटरी ही तर साठवणुकीची मूर्तीच होय. दोन बॅटऱ्या व सिलिकॉन रबर यांपासून २०० एककांचा पॉवर सेल होतो. लहान पाणबुडीला तो एक लागतो, 'सायक्लॉप्स' या मोठ्या पाणबुडीला सहा. पुढे त्या ग्रहावर पूर्वी येऊन गेलेल्या परग्रहवासीयांचे 'आयन क्यूब' हे हिरवे तेजस्वी घन सापडतात, आणि त्यांपासून ५०० एककांची बॅटरी करता येते. साठा वाढला की प्रवास लांबतो. त्याबरोबरच, ज्याच्याकडून घेतले त्याची आठवण होण्याचे प्रसंग विरळ होतात. लाव्हाच्या प्रदेशात मात्र एक लहान जीव ही आठवण करून देतो. लाव्हा लार्व्हा नावाचा हा प्राणी पाणबुडीला चिकटतो आणि तिच्यातील वीज शोषून घेतो. खेळाडूला ही चोरी वाटते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दिलेल्याची परतफेड न करता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. त्या कसोटीवर, माशांच्या प्राणावर भरलेली बॅटरी घेऊन फिरणारा आणि ती वीज पिणारा किडा यांच्यात चोर कोण, हे ठरवणे खेळाडूला वाटते तितके सोपे नाही.

त्या परग्रहवासीयांनी ऊर्जेचा प्रश्न पूर्णपणे सोडवला होता. लाव्हाच्या सान्निध्यात त्यांनी उभारलेले औष्णिक केंद्र त्यांच्यामागे सुमारे हजार वर्षे चालू राहिले, आणि त्यांनी ग्रहावर पसरलेल्या रोगाच्या साथीच्या बंदोबस्तासाठी बेटावर बसवलेली प्रचंड तोफही चालू राहिली. त्याच तोफेने 'अरोरा' पाडले, आणि वाचवायला आलेले 'सनबीम' हे यानही खेळाडूच्या डोळ्यांदेखत उडवले. तोफेला दिलेली आज्ञा पार पाडली जात होती, आज्ञा देणारा कोणी उरला नव्हता, आणि आता थांबावे असे तिला सांगणारेही कोणी नव्हते. अखंड शक्ती हा आदर्श मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा गंभीरपणे विचार करावा, कारण शक्तीचा पुरवठा विवेकाहून अधिक काळ टिकला तर काय होते ते येथे कोणत्याही अलंकाराशिवाय दाखवले आहे.

खेळाच्या अखेरीस ऋणाचा विषय उघडपणे येतो. अग्निबाण बांधून ग्रह सोडणाऱ्या खेळाडूला त्याची मालक असलेली अल्टेरा कंपनी कळवते की त्याने वापरलेल्या साधनसंपत्तीपोटी एक लाख कोटी क्रेडिटचे देणे त्याच्या नावावर आहे आणि ते फेडल्याखेरीज त्याला उतरण्याची परवानगी नाही. बहुतेक खेळाडू याला विनोद समजतात. वस्तुतः या वाक्यात धर्मचिंतनाला पुरेल इतका आशय आहे. देणे आहे, हे अल्टेराचे म्हणणे खरे आहे. धनको मात्र चुकीचा आहे. ती आळंबी, ते तांबे, तो प्रकाश आणि ते मासे यांपैकी अल्टेराचे काहीही नव्हते. तैत्तिरीय संहितेने मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगितले, ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली. आणि पंचमहायज्ञांतील भूतयज्ञाने, म्हणजे प्राणिमात्रांसाठी रोज काढून ठेवायच्या अन्नभागाने, मुक्या जीवांचेही देणे मान्य केले. या विचारात ऋण कोणाकडे आहे हे ओळखणे हेच अर्धे काम आहे, आणि ज्याने काहीच दिले नाही त्याने धनको म्हणून पुढे येणे हा जुनाच अन्याय आहे. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मुळशी सत्याग्रहाचा वादही अखेर याच मुद्द्यावर होता: मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशीच्या खोऱ्यातील मावळ्यांची शेते आणि घरे टाटांच्या धरणाच्या पाण्याखाली जाणार होती, आणि त्या विजेच्या दरपत्रकात त्या पाण्याखालच्या शेतांना रकाना नव्हता.

विनोबा भाव्यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीताप्रवचने या बाबतीत विशेष मोलाची आहेत. सतराव्या अध्यायाचे विवरण करताना विनोबा म्हणतात की माणूस तीन संस्थांसह जन्माला येतो, शरीर, समाज आणि सृष्टी. तिन्ही वापरल्याने झिजतात, आणि ती झीज भरून काढण्यासाठी अनुक्रमे तप, दान आणि यज्ञ आहेत. यज्ञाच्या अर्थात त्यांनी सृष्टीची झीज भरणे, शुद्धीकरण करणे आणि नवे काही निर्माण करणे या तिन्ही गोष्टी घेतल्या. या मांडणीमुळे 'पुन्हा भरणे' ही क्रिया बॅटरीकडून स्रोताकडे वळते. चार्जर बॅटरी भरतो. समुद्र कोण भरतो, हा विनोबांच्या दृष्टीचा प्रश्न आहे.

सबनॉटिकाच्या कथेत एका ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर येते. समुद्राच्या हजार मीटरहून अधिक खोलीवर परग्रहवासीयांनी सी एम्परर नावाची एक महाकाय, बुद्धिमान जलचर मादी कोंडून ठेवलेली असते, कारण त्या ग्रहावर पसरलेल्या खारा नावाच्या जिवाणूरोगावरचे औषध तिच्या जातीच्या पिलांच्या शरीरातून स्रवते. परग्रहवासीयांनी तिची अंडी उबवण्याचे सारे तांत्रिक उपाय केले, त्यांच्याजवळ अपरंपार वीज होती, तरीही अंडी उघडली नाहीत. सी ड्रॅगन या दुसऱ्या प्रचंड जलचराचे अंडे तर त्यांनी पळवून नेले, आणि त्याच्या मातेने त्यांची प्रयोगशाळा फोडल्यामुळे रोग ग्रहभर पसरला. खेळाडू मात्र एम्परर मादीचे ऐकतो. ती मनाने मनाशी बोलून त्याला सांगते, तो पाच वेगवेगळ्या वनस्पतींचे अंश आणून अंडी उघडणारे द्रव्य सिद्ध करतो, पिले बाहेर येतात, आणि पाण्यात सोडलेल्या त्यांच्या स्रावाने तो स्वतः बरा होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील परस्परभावनेचा, म्हणजे देव आणि मनुष्य यांनी एकमेकांना पोसण्याचा, विचार याहून नेमकेपणाने दाखवता येणे कठीण आहे. येथे मागितलेले आणि दिलेले एकाच कृतीत येते. मादीला तिची पिले समुद्रात गेलेली हवी असतात आणि खेळाडूला जगायचे असते. बंदिवासात जे बळाने मिळाले नाही ते परतफेडीच्या नात्यात मिळाले.

हा प्रसंग कथेच्या शिखरावर असल्यामुळे त्याची थोरवी सहज पटते. परंतु एकदाच घडणाऱ्या उदात्त कृत्याने रोजच्या बायोरिअ‍ॅक्टरचे देणे फिटते काय, हा प्रश्न उरतो. पंचमहायज्ञांचे उत्तर नकारार्थी आहे. चुलीची हिंसा रोजची, म्हणून तिचे परिमार्जनही रोजचे; एखाद्या महायागाने ते कायमचे चुकते करता येत नाही, आणि आदल्या दिवशीचा भूतबली दुसऱ्या दिवसाला पुरत नाही. खेळात यासाठी वाव अगदीच नाही असे नाही. अ‍ॅसिड मशरूमला सुरीचा हलका स्पर्श केला की तिची बीजे मिळतात आणि ती घराबाहेरच्या वाफ्यात लावता येतात. मत्स्यपात्रात वाढलेले मासे पिंपात न टाकता पुन्हा पाण्यात सोडता येतात. पायात चार्जिंगचे पंख घातले तर पोहणाऱ्याच्या स्वतःच्या श्रमाने हातातील अवजाराची बॅटरी भरत राहते, आणि श्रम करणाऱ्या शरीराला अन्न लागते म्हणून हेही सर्वस्वी ऋणमुक्त नसले तरी त्यात निदान घेणारा आणि झिजणारा एकच असतो. यांपैकी कोणत्याही कृतीची खेळ नोंद ठेवत नाही, तिच्यासाठी गुण किंवा बक्षीस देत नाही. चुलीपासून दूर नेऊन ठेवलेल्या बलीचीही तशी नोंद धर्मशास्त्राने मागितलेली नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटवण्यापूर्वी तो पुन्हा काढावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे.